बोर्डाची पाठचिकित्सा : उपनगरीय उड्डाण-संगणकांच्या आवृत्तिपरंपरेविषयी काही निष्कर्ष

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली पुरे केले. त्यासाठी बाराशेच्या वर हस्तलिखिते धुंडाळली गेली. त्याच्या कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून ठेवली होती. नवा ग्रंथ लिहिण्यापेक्षा आधीच्या ग्रंथातली चूक काढण्यात आपल्याला अंमळ जास्तच गोडी वाटते. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही, वारसा म्हणून सांगतो. असे असताना अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या चार पीठांत आज जे ताम्रवाङ्मय भराभर निपजत आहे, त्याच्या पाठभेदांकडे विद्वानांचे लक्ष जाऊ नये याचे वैषम्य वाटते.

साष्टीवर शिलाहारांचे राज्य होते तेव्हा इथली दानपत्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरली जात. आजही कोरली जातात. फक्त पत्रा आता ३५ मायक्रॉन जाडीचा असतो, तो काचतंतूच्या १.६ मिलिमीटर जाड पाटीवर चिकटवलेला असतो, आणि कोणत्या राजाने कोणाला किती जमीन दिली याऐवजी बॅटरीने प्रोसेसरला किती व्होल्ट दिले याची नोंद त्यात असते. लोक याला सर्किट बोर्ड म्हणतात. पाउल आयस्लर नावाच्या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये या विद्येचा पाया घातला आणि दुसऱ्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये असे छापील मंडल बसवून प्रत्यक्ष आकाशात उडवले गेले. म्हणजे उडणे हे या वस्तूच्या जन्मपत्रिकेतच होते. उपनगरात ते योग कसे फिरले, हा या प्रबंधाचा विषय.

आधी वस्तूची ओळख. हौशी अग्निबाणाच्या नाकाडाखाली एक नळी असते आणि तिच्यात हाताच्या तळव्याएवढा एक बोर्ड बसवतात. त्यावर हवेचा दाब मोजणारा एक कण, प्रवेग मोजणारा दुसरा, नोंदी ठेवायला मेमरी कार्ड आणि एक प्रोसेसर असतो. प्रोसेसर कुठला, यावर तरुण मंडळी तासन्‌तास वाद घालतात. आम्हांला तो मुद्दा गौण वाटतो. बोर्डाचे खरे कर्तव्य एकच. अग्निबाण सर्वोच्च बिंदूला पोचला हे ओळखायचे आणि त्या क्षणी दारूच्या छोट्या पुडीला वीज देऊन पॅराशूट बाहेर फेकायचे. आधी लहान छत्री, मग ठरलेल्या उंचीवर मोठी. हा क्षण लवकर आला तर छत्री फाटते, उशिरा आला तर अग्निबाण जमिनीत रुततो, आणि आलाच नाही तर पुढच्या आवृत्तीचे काम सुरू होते.

आता भूगोल. अंधेरीच्या डोक्यावरून विमाने उतरतात, जुहूला १९२८ पासून विमानतळ आहे, बोरिवली आणि मुलुंड यांच्या मध्ये राष्ट्रीय उद्यान पसरले आहे, आणि उरलेल्या जागेत माणसे आहेत. अग्निबाणाचे इंधन स्फोटकांच्या कायद्याखाली येते आणि त्या खात्याचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपूरला आहे. सोसायटीच्या गच्चीवर पतंग उडवायचा तरी सेक्रेटरींना विचारावे लागते. तेव्हा इथे उड्डाण संभवत नाही. पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांचा अग्निबाणाचा चमू आहे, आणि तिथल्याच विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘प्रथम’ हा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी ३५ मधून वर गेला. पण तोही गेला श्रीहरिकोट्याहून, पवईहून नव्हे. उपनगरातला सामान्य बोर्ड तर राष्ट्रीय उद्यानाच्या टेकडीएवढाही चढत नाही. चढतो तो फक्त त्याचा आवृत्तिक्रमांक.

म्हणून काही अर्वाचीन पंडित या वाङ्मयाला ‘अनुड्डीत’ म्हणून हिणवतात. त्यांनी बरणीचे प्रमाण विचारात घेतलेले नाही.

अर्धा लीटरची काचेची बरणी घ्यावी. लोणच्याची असल्यास आधी आईला विचारावे. झाकणाला भोक पाडून त्यात नळी बसवावी, फटी मेणाने बुजवाव्यात, बोर्ड आत ठेवावा आणि ६० मिलिलीटरच्या मोठ्या सिरिंजने एकदा हवा ओढावी. आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो, आणि बोर्डाच्या हिशेबाने तो समुद्रसपाटीपासून ९४० मीटरवर जातो. माथेरान ८०० मीटरवर आहे. म्हणजे घाटकोपरच्या स्वयंपाकघरात, ओट्यावरून न हलता, एका ओढीत माथेरान खाली पडते. वर नेरळची छोटी गाडी चुकण्याची भीती नाही. सिरिंज सोडली की बोर्ड ‘उतरतो’, शिखरबिंदू ओळखतो आणि छत्रीचा हुकूम देतो. बरणीत छत्री नसते म्हणून त्या जागी एक दिवा लागतो. तो लागला की सगळे घर बघायला येते. या प्रयोगाला लागणारा एकूण प्रवेग शून्य, आणि याच गोष्टीचे पुढे शल्य होते.

कारण बोर्ड फक्त दाबावर विश्वास ठेवत नाही. ‘उड्डाण झाले’ असे म्हणायला त्याला जोराचा धक्का लागतो. वीस मजली इमारतीची लिफ्ट ६० मीटर चढते, दाब सात-आठ हेक्टोपास्कलने उतरतो, सगळे ठीक. पण लिफ्टचा प्रवेग गुरुत्वाच्या एक दशांशाइतका. बोर्ड ढिम्म. मग संशोधक उंबरठा खाली आणतो, लिफ्टमध्ये चाचणी यशस्वी होते, आणि उंबरठा परत वर न्यायचा राहून जातो. अशा बोर्डाला खिशात घालून साकीनाक्यावरून रिक्षाने जावे. पहिल्याच खड्ड्यात उड्डाणाची नोंद होते, दुसऱ्या खड्ड्यात इंधन संपते, आणि सिग्नलला रिक्षा थांबली की बोर्ड मोठ्या समाधानाने जमिनीला टेकल्याचे जाहीर करतो. जाहीर करण्याची रीत म्हणजे बझर. सापडायला सोपे जावे म्हणून हा बझर मुद्दाम कर्कश असतो आणि गाठलेली उंची तो एकेक आकडा मोजून ओरडतो. रिक्षावाले मागे वळून पाहतात. आकडा मात्र कधीच शून्य नसतो, कारण साकीनाक्याला चढउतार आहेत.

ऋतूंचाही विचार व्हावा. बोर्डात समुद्रसपाटीचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल असा कोरलेला असतो. मुंबईत जुलै महिन्यात तो दाब १००४ च्या आसपास असतो. या फरकामुळे आषाढात मुलुंडचा प्रत्येक बोर्ड टेबलावरून न उठता ७५-८० मीटर वर गेलेला असतो आणि कार्तिकात हळूहळू खाली येतो. अनुभवी मंडळी उडवण्याआधी जमिनीवरचा दाब शून्य धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात काही बिघडत नाही. पण आमच्या मते या सावकाश आणि सर्वस्वी सुरक्षित उड्डाणाची नोंद व्हायला हवी. दुसरा प्रकार उन्हाचा. एमएस ५६११ नावाचा दाबमापक फार मानाचा, दहा सेंटिमीटरचा फरक ओळखतो, पण त्याच्या भोकातून थेट ऊन आत गेले की तो भलतेच आकडे सांगू लागतो. बोरिवलीत पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेला बोर्ड दुपारी चारनंतर अस्वस्थ होतो तो यामुळे. उपाय म्हणून त्यावर काळ्या स्पंजचा तुकडा चिकटवतात. बुटांच्या खोक्यातला चालतो.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे पाठभेदांकडे वळू.

बोर्डाचा आराखडा बहुधा किकॅड या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काढतात. ज्याँ-पिएर शारास या फ्रेंच गृहस्थांनी ते १९९२ साली सुरू केले. त्यात नियमतपासणीची सोय आहे: दोन ट्रॅक फार जवळ आले, एखादी जोडणी राहिली, की लाल बाण दिसतो. सगळे बाण गेले की शिष्याला वाटते ग्रंथ शुद्ध झाला. पण ही तपासणी शुद्धलेखनाची आहे, अर्थाची नाही. पुढे फाइल चीनमध्ये शेंझेनला जाते आणि तिथून कमीत कमी पाच प्रती येतात. अंधेरीच्या एमआयडीसीत बोर्ड करून देणारे कारखाने आहेत, सीप्झ तर १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्ससाठीच वसवले गेले, तरी घरापासून दोन स्टेशनांवरच्या कारखान्यापेक्षा दोन देशांपलीकडचा कारखाना स्वस्त पडतो. याचे अर्थशास्त्र दुसऱ्यांनी लिहावे. पाठचिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की पैसे भरल्यावर आणि बोर्ड हाती पडण्याआधी जो काळ जातो, त्याच काळात चूक सापडते. आधी सापडल्याचे उदाहरण परंपरेत नाही.

चुकांचे वर्ग जुन्या पोथ्यांचेच आहेत. लोप: दोन डेटा-तारांना वर ओढून धरणारे रेझिस्टर लिहायचेच राहतात आणि दाबमापक मौन धरतो. विपर्यास: जीपीएसची बोलायची तार प्रोसेसरच्या बोलायच्या तारेला जोडली जाते, ऐकायची ऐकायच्या तारेला, मग दोघेही एकाच वेळी बोलतात आणि कोणी ऐकत नाही. (हा दोष बोर्डांपुरता मर्यादित नाही, पण प्रबंधाची मर्यादा आहे.) हस्तदोष: उत्पादकाच्या माहितीपत्रकात भागाचे चित्र खालून काढलेले असते, लेखक ते वरून काढले आहे असे समजतो, आणि सगळे पाय आरशात पाहिल्यासारखे उलटतात. स्थानभ्रंश: मेमरी कार्डाची खाच बोर्डाच्या आतल्या बाजूला तोंड करून बसते, कार्ड आत जाते, पण काढायला चिमटा आणि देवाचे नाव दोन्ही लागतात. आणि प्रक्षेप, म्हणजे जंपर वायर. मूळ संहितेत नसलेली, मागाहून कोणा लेखनिकाने घुसडलेली, केसाएवढी बारीक तार, जी एका पायावरून निघून तिसऱ्याच पायावर जाऊन बसते आणि तिच्यावर गोंदाचा थेंब असतो.

प्रक्षेपांच्या बाबतीत आमचे मत रूढ मतापेक्षा वेगळे आहे. दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक प्राचीन मानावा, असा पाठचिकित्सेचा नियम आहे, कारण नकलाकार अवघड ते सोपे करत जातो, सोपे ते अवघड करत नाही. त्या न्यायाने ज्या बोर्डावर जास्तीत जास्त जंपर आहेत तोच आर्ष होय. पुढच्या आवृत्तीत हे सगळे जंपर ट्रॅकच्या रूपाने संहितेत मुरतात आणि नवशिक्यांना वाटते की ते पहिल्यापासूनच तिथे होते. म्हणून जंपरांनी भरलेली जुनी प्रत कोणी टाकून देत असेल तर त्याला थांबवावे. नव्या स्वच्छ प्रतीत ग्रंथ असतो, जुन्या प्रतीत ग्रंथाचा इतिहास असतो.

चारही पीठांत सर्वांत कडवा वाद मात्र अक्षाच्या दिशेवरून आहे. प्रवेगमापकावर एक बारीक ठिपका असतो आणि त्यावरून त्याचे वर-खाली ठरते. तो उलटा बसला की अग्निबाण वर जाताना बोर्डाला तो खाली जातोय असे वाटते. यावर दोन संप्रदाय आहेत. ऋणचिन्हवादी म्हणतात, प्रोग्रॅममध्ये एक उणे चिन्ह टाका आणि चहाला चला. पुनर्मुद्रणवादी म्हणतात, चुकीची संहिता उण्याने झाकणे म्हणजे पोथीवर चुना फासणे. नवी आवृत्ती काढा. मुलुंडच्या एका जिन्यात या वादाचा संक्षेप असा ऐकू आला:

“काय रे, परत नवीन? जुन्याला काय झालं?”

“काका, त्यात एक अक्ष उलटा होता.”

“मग बोर्डच उलटा बसव की.”

“तसा बसवला तर यूएसबी आत जातं, काका.”

काका ऋणचिन्हवाद्यांचेही पूर्वसूरी ठरतात, आणि यूएसबीचे तोंड हा त्यांना निरुत्तर करणारा एकमेव उत्तरपक्ष आहे.

ऋणचिन्हवाद्यांचे पारडे बरीच वर्षे जड होते. ते हलके करणारे प्रमाण अमेरिकेतून आले. नासाच्या जेनेसिस यानाने सूर्याकडून येणारे कण गोळा करून आणले होते. ८ सप्टेंबर २००४ रोजी त्याची कुपी यूटाच्या वाळवंटावर परतली. छत्री उघडणार, हेलिकॉप्टर ती हवेतच झेलणार, असा बेत. छत्री उघडलीच नाही. कुपी ताशी सुमारे ३११ किलोमीटर वेगाने जमिनीत शिरली. चौकशीत निघाले काय, तर वातावरणाचा धक्का ओळखून छत्रीचे काम सुरू करणारे छोटे स्विच, पेन्सिलीच्या मागच्या खोडरबराच्या टोपणाएवढे, आराखड्यातच उलटे काढलेले होते. ज्या चाचणीत हे दिसले असते ती वगळली गेली होती, कारण रचना आधीच्या स्टारडस्ट यानावरून घेतली होती आणि ते तर तपासलेले होते. इथे उणे चिन्ह टाकायला प्रोग्रॅम नव्हता. स्विच यांत्रिक होता, धक्का चुकीच्या बाजूने आला म्हणून मिटलाच नाही. तेव्हापासून पुनर्मुद्रणवादी बैठकीत काही बोलत नाहीत. नुसते ‘जेनेसिस’ म्हणतात आणि बिस्किट उचलतात. आम्ही याच संप्रदायाचे. शिवाय आधीच्या आवृत्तीतून उचललेला भाग पुन्हा तपासायची गरज नसते, हा समज पोथीच्या नकलाकारांना जेवढा महाग पडला तेवढाच इथेही पडतो, हे दोन्ही पक्षांनी ध्यानात घ्यावे.

पुनर्जन्माच्या प्रश्नाचा ओझरता उल्लेख करतो, कारण तो तत्त्वज्ञान विभागाचा आहे. शिखरबिंदूला छत्रीची पुडी पेटवण्यासाठी एकदम काही अँपिअर वीज लागते. बॅटरी लहान असेल तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळते, प्रोसेसर विझतो आणि लगेच परत जागा होतो. जागा होतो तो पूर्वजन्मीचे सगळे विसरून. आपण जमिनीवर उभे आहोत आणि उड्डाणाची वाट पाहत आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. प्रत्यक्षात तो आकाशातून खाली येत असतो. एक मोठा कपॅसिटर, एक डायोड किंवा पुडीसाठी वेगळी बॅटरी यांपैकी काहीही दिले तर हा भोग टळतो. उपनगरात तो टळत नाही, कारण चाचणीसाठी पुडीच्या जागी दिवाळीच्या माळेतला बल्ब लावतात. बल्ब बिचारा थोडक्यात भागवतो. बोर्ड घरी चिरंजीव ठरतो आणि बाहेर पहिल्याच खऱ्या पुडीला स्मृती घालवून बसतो.

सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात, म्हणजे ज्याला पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात तिथे. मुलुंडकराला दादरला गाडी बदलावी लागते, बोरिवलीकर सरळ ग्रँट रोडला उतरतो. पुरवठ्याच्या दृष्टीने पश्चिम रेल्वेच्या परंपरेचे पारडे इथे थोडे जड. दोन रेझिस्टर मागितले की दुकानदार “पाकीटच घ्या ना साहेब” म्हणतो, आणि घेतले जाते. रेझिस्टरांअभावी अडलेली आवृत्ती आम्ही पाहिलेली नाही. प्रत्येक चिपपाशी बसवायचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही असाच, का बसवायचा हे न विचारता माहितीपत्रकात आहे म्हणून भक्तिभावाने बसवला जातो. बसवावाच. श्रद्धेने केलेली ही एकच गोष्ट या क्षेत्रात कधी अंगाशी येत नाही.

या सगळ्याहून आम्हांला मोलाचा वाटतो तो बोर्डावरचा पांढरा छाप, ज्याला सिल्कस्क्रीन म्हणतात. विजेच्या दृष्टीने त्याला काडीचा अर्थ नाही. ती अक्षरे सगळी पुसली तरी बोर्ड तसाच चालेल. आणि नेमक्या याच कारणाने लेखकाचे मन इथे मोकळे होते. पहिल्या आवृत्तीवर नाव असते. नावे पुराणातली. जटायू ठेवतात, पण तो पंख तुटून पडला. संपाती ठेवतात, त्याचे तर पंख जळाले. गरुड सर्वांना पाहिजे म्हणून गरुड-२, गरुड-नवीन, गरुड-खरा असे फाटे फुटतात. सदेह स्वर्गाला निघालेला आणि मध्येच अडकलेला त्रिशंकू हे उपनगरासाठी सर्वांत शास्त्रशुद्ध नाव आहे, पण ते ठेवायला कोणी धजत नाही.

दुसऱ्या आवृत्तीत नावाखाली बाण येतो आणि बाणाशी ‘वर’ हा शब्द. तो बाण पाहिला की अभ्यासकाने ओळखावे की पहिल्या आवृत्तीत काय घडले. तिसऱ्या आवृत्तीत बॅटरीच्या जोडणीपाशी अधिक-उण्याची ठसठशीत चिन्हे आणि खाली ‘उलटी लावू नये’. ताम्रपटाच्या शेवटी दान मोडणाऱ्याला शापवचन असते, त्याचे हे स्थान. चौथ्या आवृत्तीत हीच सूचना दोन्ही बाजूंना असते, म्हणजे शाप फळला नव्हता. पुढे बझरपाशी ‘रात्री जोडू नये’ असे येते. आवृत्तीमागची हकीकत वेगळ्या वहीत लिहायची शिस्त या परंपरेत नाही. जे काही घडले ते शक्य तेवढ्या थोड्या अक्षरांत, एक मिलिमीटर उंचीच्या टाइपात, घडले त्याच जागेशेजारी लिहिलेले असते. इतका नेमका भाष्यकार संस्कृतातही विरळा.

यातूनच एक शास्त्रार्थ निघतो: ट्रॅक तेच, भाग तेच, फक्त छापातला शब्द बदलला, तर क्रमांक वाढवावा का? अंधेरीचे मत ‘नाही’. बोरिवलीत दशांशात वाढवतात, म्हणजे १.३ चे १.३१. आमचे मत, वाढवावा, आणि तोही पूर्णांकाने. वीज तशीच वाहील, पण माणूस बॅटरी सुलटी लावेल. बोर्डाच्या आयुष्यात याहून मोठा फेरफार आजवर झालेला नाही.

उरतो तो शिल्लक प्रतींचा व्यावहारिक प्रश्न. प्रत्येक आवृत्तीच्या पाच प्रती येतात. एकीवर भाग बसतात, एक बसवताना करपते, तीन उरतात. त्या चहाच्या कपाखाली ठेवता येतात, पण भोकांतून चहा गळतो. टेबलाच्या आखूड पायाखाली मात्र त्यांना तोड नाही. जाडी नेमकी १.६ मिलिमीटर, तीन ठेवल्या की ४.८, आणि दमट हवेत पुठ्ठ्यासारखी फुगत नाही. कोऱ्या प्रतीच घ्याव्यात. दाबमापक बसवलेली प्रत चुकून खाली गेली तर टेबल डगमगते ते डगमगतेच, शिवाय पंधराशे रुपयांची प्रत शोधत घर उलथेपालथे होते आणि शेवटी ती आईलाच सापडते.